टिकटिक इंजिनात नव्हती

१

रविवारी सकाळी साडेआठला कुंदाताईंच्या कढईत मोहरी तडतडायची आणि भिंतीपलीकडे श्यामकांतांची गाडी सुरू व्हायची. दोन्ही आवाज एकदम. बदलापूरला कुळगावातल्या त्या गल्लीत बैठी जोडघरं होती आणि मधली भिंत इतकी पातळ, की एका घरात कुणी शिंकलं तर दुसऱ्या घरातलं बोलणं थांबायचं. त्यामुळे शेजारचं सगळं कुंदाताईंना कळायचं. नाही कळलं तर त्या खिडकीशी जायच्या.

"तुझ्यासाठी भिंत बांधली ते चुकलंच," त्यांचे यजमान श्रीपादराव म्हणायचे. "विटा वाया गेल्या."

"चौकशी करते म्हणून तर गल्लीत कुणाचं दूध उतू जात नाही," कुंदाताई म्हणायच्या, आणि पोह्यांवर झाकण ठेवून पुन्हा खिडकीशी.

श्यामकांत आनंदनगरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला अधिकारी होते. गाडी त्यांनी उल्हासनगरच्या भंगारातून आणलेली, निळी. दिसायला एखाद्या डॉक्टरच्या गाडीसारखी सोज्वळ. पण इंजिन त्यांनी सुटं करून नव्यानं बांधलं होतं. एका कार्बोरेटरच्या जागी दोन. घाट चढायच्या शर्यतीत ती दोनदा धावून आली होती. उभी असतानासुद्धा ती शांत धडधडायची नाही, थरथरायची, दावं ओढणाऱ्या खोंडासारखी.

हे दोन कार्बोरेटरचं काय प्रकरण आहे ते कुंदाताईंना कुमुदनं समजावलं होतं. कुमुद म्हणजे कुमुदिनी, श्यामकांतांची बायको, आणि बावीस वर्षं कुंदाताईंची भिंतीपलीकडची मैत्रीण.

"अगं, दोन जावा समज. एकीनं जास्त वाढून घेतलं की दुसरी रुसते. दोघींच्या ताटात सारखं पडायला हवं. मग हे रबरी नळी कानाला लावतात, आधी एकीचा श्वास ऐकतात, मग दुसरीचा. आणि मी आत बसून रेस धरते."

ती धरायची तशी रेस कुणालाच जमत नसे. कुमुद घरी ब्लाउज शिवायची, पायमशीनवर. टाका लांबला नाही पाहिजे, म्हणून पाय किती दाबायचा ते तिच्या घोट्यात मुरलेलं. चपला काढून, अनवाणी पायानं ती पेडल दाबायची. बॉनेटच्या आडून श्यामकांत ओरडायचे, "दे... अजून... धर!" की आवाज एका सुरात उभा राहायचा. "सोड!" म्हटलं की हळूहळू उतरायचा, शिवण संपताना मशीन थांबतं तसा. एकदम कधीच नाही.

आणि दर खेपेला श्यामकांत एकदा तरी खेकसायचे, "कुमुद! जोडवं!"

पेडलच्या लोखंडावर तिच्या उजव्या पायाचं जोडवं टिकटिक वाजायचं, आणि नळी कानाला लावलेल्या माणसाला ते कानात खिळा मारल्यासारखं लागायचं. मग ती जोडवं काढून ॲशट्रेत ठेवायची आणि खिडकीतल्या कुंदाताईंकडे बघून डोळे मोठे करायची. जसं काही म्हणायची, बघितलंस?

२

पौषात कुमुद गेली. दीड वर्ष आजारी होती. शेवटी शेवटी तिचे पाय असे झाले होते, की चादरीखाली पाय आहेत की चादरीची घडी आहे ते कळू नये. तिच्या आजारपणात गाडी अर्धवट लावलेल्या इंजिनासकट ताडपत्रीखाली उभी होती. "बरी झाले की बसते हो," ती म्हणायची. "अर्धी ठेवू नका तिला."

चैत्रात श्यामकांतांनी ताडपत्री काढली. जूनमध्ये ते घर सोडून नाशिकला मुलीकडे, मीनलकडे, कायमचे जाणार होते. गाडी उल्हासनगरचा हासानंद घेणार होता. कॅम्प तीनमध्ये त्याचं गॅरेज, श्यामकांतांना तो वीस वर्षं पार्ट पुरवत आलेला. त्याची अट एकच: "साईं, इंजिन तुम्ही पूर्ण लावून द्यायचं. तुमच्या कानाशिवाय हे लागणार नाय."

म्हणून पुन्हा रविवार सुरू झाले. कुंदाताईंना त्या आवाजानं इतकं बरं वाटलं, की पहिल्या रविवारी त्यांनी पोह्यांत मीठ दोनदा घातलं.

आता रेस धरायला कुणी नव्हतं. श्यामकांतांनी एक काठी मापानं कापली होती. एक टोक पेडलवर, दुसरं सीटला टेकवलेलं. ती ठोकून बसवायची, की आवाज चढून तिथं थांबायचा. मग ते पुढे जाऊन बॉनेटमध्ये डोकं घालायचे.

दुसऱ्या रविवारी कुंदाताई गच्चीवर जायला म्हणून पापडांचं पीठ घेऊन निघाल्या, तेव्हा श्यामकांत बॉनेटबाहेर कपाळाला आठ्या घालून उभे होते.

"काय झालं भाऊजी?"

"टिकटिक येतेय वहिनी. ऐका. झडपांचे टॅपेट सैल झाले असणार."

कुंदाताईंनी ऐकलं. धडधडीच्या वर, बारीक. टिक. टिक टिक. टिक.

त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण हातात पीठ होतं आणि ऊन चढत होतं.

३

श्यामकांतांनी टॅपेट काढले. पत्र्याच्या पातळ पट्ट्यांनी एकेक फट मोजली, पुन्हा बसवले. टिकटिक होती. प्लग काढून पाहिले. चारांचाही रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा, म्हणजे जसा हवा तसा. पंख्याचा पट्टा बदलला. सोनिवलीच्या रस्त्यावर एक फेरी मारून आले. चालत्या गाडीत आवाज नाही. उभी करून, काठी लावून, नळी कानाला लावली, की आला.

"काठीच वाजत असेल हो," कुंदाताई कुंपणावरून म्हणाल्या.

"माझ्या डोक्यात आलं ते," श्यामकांत म्हणाले, आणि काठीच्या टोकाला जुनं फडकं गुंडाळलं.

टिक. टिक टिक.

तिसऱ्या रविवारी कुंदाताई वाटीभर पन्ह्याचं निमित्त करून थेट गाडीपाशी गेल्या. श्यामकांत बॉनेटखाली वाकलेले, एका हातात नळी, दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं. आवाज एका सुरात चढलेला, जरासुद्धा हलत नव्हता.

काठी दाराखाली जमिनीवर पडली होती. फडक्यासकट.

कुंदाताईंनी सीटकडे पाहिलं. सीट रिकामी. खाली पेडलपाशी अंधार होता, बाहेर एवढं ऊन असल्यामुळे डोळ्यांना तिथलं काही दिसेना. वाटीतलं पन्हं त्यांच्या बोटांवर सांडलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "भाऊजी, काठी पडलीय."

श्यामकांत वर झाले. काठीकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. आणि तेवढ्यात आवाज उतरू लागला. हळूहळू, पायरी पायरीनं.

"रेसची केबल अडकत असेल," ते म्हणाले. "जुनी झालीय. तेल सोडतो."

"हो ना. केबलच," कुंदाताई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी श्रीपादरावांना विचारलं, "केबल अडकते म्हणजे काय हो?"

"तुला गाडी घ्यायचीय का?"

"सांगा ना."

"अडकते म्हणजे अडकते. पंप नाही का अडकत आपला?"

बरोबर होतं. पंप अडकायचा. पण पंप सुटला की खाडकन सुटायचा. असा जपून, शिवण संपवल्यासारखा नाही.

४

पुढच्या रविवारी हासानंद स्वतः आला, स्कूटरवरून. पोट सुटलेलं, खिशात चार पेनं, हातात पेढ्यांचा पुडा.

"वहिनी, राम राम. इनका कान बुड्ढा हो गया, मैं अपना लाया हूं."

त्यानं लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याची मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनावर टेकवत टेकवत गेला. डॉक्टर पाठ तपासतात तसा. इथे टेकवला, तिथे टेकवला. श्यामकांत नापास होणाऱ्या मुलाच्या बापासारखे शेजारी उभे. कुंदाताई कुंपणाशी तांदूळ निवडत होत्या. तांदळात एकही खडा नव्हता.

हासानंद सरळ झाला. "साईं, आवाज इंजिनमध्ये नाय."

"मग?"

"इंजिन साफ आहे. एकदम मक्खन. आवाज अंदर से आ रहा है. गाडीच्या आतून, पायाजवळून." त्यानं आत डोकं घातलं, काठी हलवून पाहिली, सीटखाली चाचपलं. मग डोकं बाहेर काढून हातावरचे केस चोळले. "अंदर ठंडा है काफी," तो म्हणाला. "अच्छा है, गर्मी में." पण हसला नाही. "देखो, पुढच्या इतवारला अकरा वाजता येतो. आवाज गेला तर नेतो. नाही गेला तर माफ करना, मैं नहीं लूंगा. मेरा भतीजा चलाने वाला है."

"नाहीतर?" श्यामकांत म्हणाले. "नाशिकला मीनलच्या फ्लॅटला जागा नाही. भंगारवाल्याला देऊ?"

"वो आप सोचो."

पायाजवळून. कुंदाताईंनी सूप खाली ठेवलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्या भिंतीला पाठ लावून बसल्या. पलीकडे काही नव्हतं. मशीन मीनलनं केव्हाच नेलं होतं. पण बावीस वर्षं दुपारी त्या भिंतीतून हाच आवाज यायचा. मशीनची खडखड, आणि खडखडीच्या वर, पायपट्टीच्या लोखंडावर जोडव्याची टिक. टिक टिक.

पण कुमुद तर रेस धरताना जोडवं काढून ठेवायची. न सांगता नाही, पण सांगितल्यावर काढायचीच.

आणि मग कुंदाताईंना तो दोरा आठवला.

कुमुद सवाष्ण गेली म्हणून गल्लीतल्या बायकांनी तिला सजवलं होतं. हिरवं लुगडं, मळवट, ओटी. पायांना हळद कुंदाताईंनी लावली. पण बोटं इतकी वाळलेली, की उजव्या पायातलं जोडवं राहीना. घातलं की घसरून पाटावर पडे. बायकांतली एक म्हातारी म्हणाली, असू दे. कुंदाताईंना ते सोसेना. एका जोडव्यानं कशी पाठवायची हिला? त्यांनी कुमुदच्याच मशीनच्या बॉबिनचा लाल दोरा घेतला, जोडव्यावरून आणि बोटावरून तीन वेढे घातले आणि गाठ मारली. निरगाठ. बोट ओढून पाहिलं. निघालं नाही. तेव्हा त्यांना किती समाधान वाटलं होतं.

५

दोन दिवस त्या स्वतःलाच रागावत राहिल्या. सातवीपर्यंत का होईना शाळेत गेलेली बाई, आणि काय हे डोक्यात. केबल जुनी. गाडी जुनी. पत्रा थरथरतो.

पण खरं सांगायचं तर त्यांना भीती कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त वाटत होतं. टिकटिक गेली नाही, तर हासानंद गाडी नेणार नाही. भंगाराचं श्यामकांत बोलले खरे, पण असल्या गाडीवर ते घण पडू देणार नाहीत, हे कुंदाताईंना ठाऊक होतं. ती इथंच, कुंपणापलीकडे, ताडपत्रीखाली राहील. किल्ली आपल्याकडे ठेवतील. कधीमधी दुपारी दार उघडून आत बसता येईल. बावीस वर्षांचं बोलणं पौषात एकदम बंद झालं होतं. लोणचं मुरलं का, श्रीपादरावांना काय झालं, मीनलच्या धाकट्याचं बारसं कसं झालं, सांगायचं सगळं साठलं होतं.

रविवारी पावणेअकराला श्यामकांतांनीच हाक मारली.

"वहिनी, एक काम कराल? काठीचा भरवसा नाही. आत बसून रेस धराल का? मी सांगतो तेवढीच."

"मला नाही हो जमायचं."

"पाय ठेवा नुसता."

श्रीपादराव पेपरातून म्हणाले, "जा. इतके दिवस बाहेरून बघितलंस, आता आतून बघ."

कुंदाताईंनी चपला काढल्या आणि सीटवर बसल्या. समोर बॉनेटचा निळा पत्रा उभा, श्यामकांत दिसत नव्हते. आत खरंच गार होतं, माठाजवळ असतं तसं. ऑइलचा वास, आणि त्याच्याखाली हळदीचा. हळदीचा कसा येईल? आपल्याच हाताला असेल, सकाळी वरण केलं.

इंजिन धडधडत होतं. श्यामकांतांचा आवाज आला, "दे!"

कुंदाताईंनी पाय पुढे केला. तो पेडलला लागण्याआधीच पेडल खाली गेलं.

आवाज चढला.

"अजून... धर!"

एका सुरात उभा राहिला. आणि टिक. टिक टिक.

कुंदाताईंनी दोन्ही पाय वर घेतले, सीटवर, मांडी घातली. दार उघडं होतं, उतरता आलं असतं. त्या उतरल्या नाहीत.

"तीच टिकटिक!" बॉनेटपलीकडून आवाज आला. खेकसणं नव्हतं त्यात, नुसता दमलेला माणूस. "जाऊ दे वहिनी. नाही जमत आता. हासानंदला नाही म्हणून सांगतो. अर्धीच राहायची होती."

झालं. कुंदाताईंना हवं होतं तेच झालं. फक्त गप्प बसायचं होतं.

पण त्यांचं लक्ष आवाजाकडे होतं. तो आता टिकटिक नव्हता. टिक, मग घासल्यासारखं, मग पुन्हा टिक. घाईघाईनं. हे त्यांनी खिडकीतून किती वेळा पाहिलं होतं. श्यामकांत खेकसले, की कुमुद रेस न सोडता डाव्या पायाच्या अंगठ्यानं उजव्या पायातलं जोडवं ढकलून काढायला बघायची. निघेना की मग वाकायची.

ती काढायला बघत होती. तिला निघत नव्हतं.

कुंदाताई वाकल्या. खाली अंधार होता. हात घातला. आधी पेडलचं लोखंड लागलं, थरथरणारं. मग लोखंड नाही असं काहीतरी. गार, बारीक, कोरडं. त्यांनी डोळे मिटून घेतले. बोटांनी दोरा शोधला. तीन वेढे. आपली गाठ आपल्याला कळते. डब्याच्या फडक्याला, पिशवीला, सगळीकडे त्या तशीच मारायच्या.

"थांब गं," त्या पुटपुटल्या. "हलू नकोस. सोडवते."

नखांनी गाठ उकरली. एक पदर सुटला. मग दुसरा.

टिकटिक थांबली.

इंजिनाचा आवाज उरला. नुसता. एक, भरलेला, कुठे खडा नाही असा. मग बॉनेटपलीकडून श्यामकांतांचा अगदी हळू आवाज आला, कानाला नळी लावलेला माणूस बोलतो तसा, स्वतःशीच:

"हां. आता दोघींचं सारखं. असंच धर. असंच धर, कुमुद."

कुंदाताई हळूच सरळ बसल्या.

"सोड."

आवाज उतरला. पायरी पायरीनं, जपून, शिवणीचा शेवटचा टाका घालावा तसा. थांबला.

श्यामकांत नळी गळ्यात अडकवून बॉनेटला वळसा घालून आले. "वहिनी, तुमचा पायसुद्धा..." म्हणाले, आणि पुढचं राहिलं. सीटवर कुंदाताई मांडी घालून बसल्या होत्या, दोन्ही तळवे वर दिसत होते. श्यामकांतांनी ते तळवे पाहिले. मग खाली पेडलकडे पाहिलं. मग पुन्हा वर पाहिलंच नाही.

कुंदाताईंच्या मुठीत लाल दोरा होता. जोडवं नव्हतं. दोऱ्याला मात्र अजून तसाच वाक होता, बोटाभोवती असतो तसा.

गल्लीच्या तोंडाशी हासानंदची स्कूटर वाजली.

६

गाडी गेली, ऊन उतरायच्या आत गेली. गल्लीतून वळताना मागचा लाल दिवा एकदा लागला आणि विझला. श्यामकांतांनी हात वर केला नाही. कुंदाताईंनीही नाही.

दोरा त्यांनी खिडकीच्या गजाला बांधला. सुरगाठ मारली, ओढली की सुटणारी.

पुढचे रविवार मोहरी एकटीच तडतडली. श्रीपादराव एकदा म्हणाले, "पोहे बरे झालेत आज," आणि कुंदाताई म्हणाल्या, "रोजचेच आहेत," आणि त्यांना उगाच रडू आलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारचं सामान खोक्यांत भरलं होतं, तेव्हा हासानंद पुन्हा आला. मीनलच्या मुलांसाठी खाऊ घेऊन. कुंदाताई तेव्हा खिडकीशीच होत्या.

"गाडी एक नंबर, साईं," तो म्हणत होता. "भतीजा खुश. सबको दिखाता फिरता है. बस एक छोटी बात. रेस सोडली ना, की आवाज एकदम खाली येत नाय. हळूहळू उतरतो. केबल बदलली, स्प्रिंग बदलली. आप बोलो तो कार्बोरेटर खोलूं?"

श्यामकांत एका खोक्यावर दोरी आवळत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं, कुंदाताईंच्या खिडकीकडे, गजाकडे.

"नको," ते म्हणाले. "त्याला हात लावू नका."

"लेकिन साईं, खराबी है तो..."

"खराबी नाही ती," श्यामकांत म्हणाले. "फक्त मुलाला एक सांगा. गाडी उभी करून रेस धरायची असली, की त्यानं पाय वर घेऊन बसायचं."